मैनमूळ, हृदय आणि वजन घटवण्याच्या कॅप्सूल

वजन कमी करण्यासाठी ‘फोर्सकोलिन’च्या कॅप्सूल घ्याव्यात का, असे मला अलीकडे बरेच जण विचारतात. डबीवर ‘वनस्पतिजन्य’ असे छापलेले असते, तेव्हा अपाय तो कसला, अशी त्यांची समजूत असते. म्हणून आज या द्रव्याची ओळख करून घेऊ. त्याचा शोध थेट मुंबईच्या मुलुंड उपनगराशी जोडलेला आहे.

मैनमूळ ही तुळशीच्या कुळातील वनस्पती. गुजराती घरांत तिच्या मुळ्यांचे लोणचे ‘गरमर’ म्हणून आवडीने खातात. मुलुंडला १९७२ मध्ये होक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे भारतीय वनस्पतींचे अर्क तपासताना असे आढळले की, मैनमुळाच्या अर्काने रक्तदाब उतरतो आणि हृदयाचे आकुंचन जोमदार होते. हे करणारा नेमका रेणू म्हणजेच फोर्सकोलिन. डॉ. सुजाता भट, डॉ. एन. जे. डिसूझा आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच मुळांवर काम झाले होते.

हा रेणू शरीरात करतो तरी काय? त्यासाठी आधी उत्प्रेरक म्हणजे काय ते पाहू. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन घरे जोडून देतो आणि स्वतः पुढच्या स्थळाकडे वळतो. उत्प्रेरकही तसाच. तो रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही. आपल्या पेशींतील अशा उत्प्रेरकांना विकरे म्हणतात. अॅडेनिलेट सायक्लेज हे त्यांपैकी एक. अॅड्रेनॅलिनसारखे संप्रेरक पेशीच्या दाराशी आले की हे विकर आतल्या बाजूस ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा निरोप्या तयार करते. या निरोप्याचा शोध लावणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्सकोलिन दाराशी थांबत नाही, ते सरळ या विकरालाच जाऊन चिकटते व त्याला कामाला लावते. हे अमेरिकेतील सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. औषध जिथे जाऊन काम करते त्या जागेला शास्त्रज्ञ ‘लक्ष्य’ म्हणतात.

मग हे घरोघरचे औषध का झाले नाही? कारण हे लक्ष्य एकट्या हृदयात नाही. रक्तवाहिन्या, श्वासनलिका, आतडी, ग्रंथी, सगळीकडे ते आहे. हृदयासाठी दिलेला डोस इतर अवयवांनाही हलवतो. शिवाय फोर्सकोलिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यापासून बनवलेले, पाण्यात विरघळणारे इंजेक्शन जपानमध्ये १९९९ पासून हृदय अचानक कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी वापरात आले. तेही रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याचे. जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र पेशींचा अभ्यास करण्यासाठी फोर्सकोलिन सर्रास वापरले जाते.

आता कॅप्सूलविषयी. वजन घटण्याबाबत झालेले अभ्यास अगदी थोड्या लोकांवरचे आहेत व त्यांतून खात्रीशीर फायदा दिसलेला नाही. उलट रक्तदाब उतरू शकतो, नाडी जलद होऊ शकते, जुलाब होऊ शकतात. रक्त गोठण्याची क्रियाही मंदावू शकते. म्हणून रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांनी या कॅप्सूल आपल्या मनाने मुळीच घेऊ नयेत. आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, डबीच त्यांना नेऊन दाखवा.

ताटातली लोणच्याची फोड आणि तिच्यातील द्रव्य काढून एकवटलेला अर्क यांत मोठे अंतर आहे. वनस्पतीतून आलेले औषधही औषधच असते. त्याला मात्रा असते, पथ्य असते आणि दुष्परिणामही असतात.