नौकाविहारात पुढे कोण? धार-देवासकरांच्या नजरेतून एक तुलना

सुट्ट्या लागल्या, पुण्या-मुंबईचे भाचे-पुतणे आले, की आपल्या घरांत ठरलेला प्रश्न निघतो : मुलांना नावेत बसवायला कुठे न्यायचे? मग "आमच्याकडे समुद्र आहे" आणि "तुमच्याकडे काय, एक तलाव!" असे सुरू होते. म्हणून एकदा नीट तुलनाच करावी, असे आम्ही ठरवले.

नावा किती, यावर ही तुलना करता येत नाही. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. पाणी किती महिने टिकते? नाव चालवायला शिकवणारे कोणी आहे का? आणि साध्या घरातल्या मुलाला तिथे जागा आहे का?

मुंबई
वयाचा मान मुंबईचा. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. शिडाच्या होड्यांचा खेळ या शहराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि होड्या काठावर येतात. शिवाय अशा क्लबांची दारे सर्वांना सारखी उघडी नसतात. सामान्य मुंबईकराचा नौकाविहार म्हणजे गेटवेहून घारापुरीची लाँच.

पुणे
पुण्यात शिडापेक्षा वल्ह्याला मान. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 पासूनचा. तिथली विद्यार्थ्यांची रेगाटा, होड्यांनी पाण्यावर रचलेला बाण, मशालींचा खेळ, हे पाहायला काठावर गर्दी होते. लष्करातले नौकानयनही पुण्यातच रुजले. नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हे मारायला शिकला, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवून आला. अडचण आहे ती नदीची. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तिचा श्वास कोंडला आहे.

भोपाळ
आपल्या सर्वांत उपयोगाचे शहर हेच. देवासहून सुमारे दीडशे किलोमीटर. बडा तालाब आपल्या धारच्या राजा भोजाने बांधला असे परंपरा सांगते, त्यामुळे थोडा हक्क आपलाही आहे! या तलावाला वर्षभर पाणी असते आणि वाराही मिळतो. शिडाच्या होड्या, कयाक, वल्ह्याच्या होड्या हे सारे इथे शिकवले जाते. 2002 पासून भोज पाणथळ आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी इथूनच मिळते. त्यामुळे 2023 मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाने क्रूझ आणि डिझेलच्या बोटी बंद करण्याचा आदेश दिला. काहींना तो कडक वाटला. आम्हाला मात्र वाटते, शीड आणि वल्हे यांनी पाणी नासत नाही, म्हणून खेळ टिकवायचा तर त्यांच्याच जोरावर टिकेल.

महेश्वर
अहिल्याबाईंच्या घाटावरून नावेत बसून नर्मदेच्या मध्यावरच्या बाणेश्वराला जाणे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले असेल. इथे नाव हौसेची कमी आणि श्रद्धेची जास्त. पण थोडे पुढे सहस्रधारा आहे. खडकांतून फुटणारा तो प्रवाह कनू स्लॅलम या खेळाला इतका योग्य, की 2023 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतल्या या प्रकाराच्या शर्यती तिथेच झाल्या.

आणि आपले धार
धारला साडेबारा तलावांचे गाव म्हणतात. मुंजसागर, देवीसागर ही नावे सर्वांच्या ओठी आहेत. नावांची जुनी विद्याही आपल्याच गावाशी जोडलेली आहे. राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या संस्कृत ग्रंथात नावांचे प्रकार दिले आहेत. नावेवरची खोली कुठे आहे, यावरून सर्वमंदिरा, मध्यमंदिरा आणि अग्रमंदिरा असे तीन भेद. यातली मध्यमंदिरा राजांच्या विलासयात्रेसाठी आणि पावसाळ्यासाठी सांगितली आहे. समुद्रापासून इतक्या दूर, माळव्यात, पावसाळ्यातल्या सहलीची वेगळी नाव! तलाव भरले की पाण्यावर जायचे, ही आपल्याकडची रीत तेव्हाही असावी, असे मनात येते. मांडूला मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधला जहाज महाल पावसात पाहिला, की पुरातल्या जहाजात उभे असल्यासारखे वाटते.

पण याच धार जिल्ह्यात पाण्याची दुसरी बाजूही आहे. सरदार सरोवर 2019 मध्ये पूर्ण भरले, तेव्हा निसरपूर, चिखलदा यांसारखी गावे बुडिताखाली आली. तिथल्या रुंद पाण्यावर नाव घालताना खाली कुणाची तरी ओसरी आहे, हे विसरू नये.

देवास
गंमत म्हणजे, पाण्यात सर्वांत गरीब देवासच. मीठा तालाब आणि त्याच्या काठच्या पवारांच्या छत्र्या सुंदर, पण 1990 मध्ये या शहराने रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. टाकीखाली बादल्यांची रांग आमच्या पिढीला आठवते. पुढे 2006 पासून जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली.

त्याच देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्या भागातली, शेतकरी घरातली नेहा ठाकूर भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-4 प्रकारात रौप्यपदक घेऊन आली. या खेळात जितका क्रमांक तितके गुण, म्हणजे कमी गुणांचा जिंकतो. अकरा शर्यतींत सर्वांत वाईट एक वगळून तिचे गुण होते 27. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

मग पुढे कोण?
वयात मुंबई, वल्ह्यात पुणे, श्रद्धेत महेश्वर. पण तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या तर आमचे मत भोपाळला. पाणी टिकते, शिकवणारे आहेत, आणि शेतकऱ्याची मुलगीही तिथे पोहोचते.

धार-देवासकरांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पोरांना हौस असेल तर फक्त फेरी मारून आणू नका, शिकायला पाठवा. आधी पोहणे, मग नाव. आणि नावेत लहान-मोठ्या सर्वांनी लाइफ जॅकेट घालायचेच, नावाडी ओळखीचा असला तरी. दुसरी गोष्ट, आपल्या तलावांत निर्माल्य आणि गाळ जाऊ न देणे. साडेबारा तलावांचे गाव म्हणवून घ्यायचे, तर ते पुढच्या पिढीला मोजता आले पाहिजेत.