पीएच.डी. करताना अध्यापनाचा अनुभव

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की घरची मंडळी विचारतात, "आता प्राध्यापक कधी होणार?" पुढे मुलाखतीला गेल्यावर निवड समिती विचारते, "शिकविण्याचा अनुभव किती?" या दोन प्रश्नांच्या मध्ये आपले अनेक विद्यार्थी अडकतात. म्हणून थोडी माहिती येथे देत आहोत.

संशोधन आणि अध्यापन यांचा मेळ घालण्याची अडचण आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले होते. त्यांची व्याख्याने ऐकण्यास दुसऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. तरी त्यांनी पगारातून बचत केली, शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेतले आणि नोकरी सोडून ते लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. प्राध्यापकी त्यांनी प्रबंधाच्या आड येऊ दिली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रत्येक संशोधकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण घ्यावयाचे आहे. शिवाय त्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे काम देता येते. हे काम आपण होऊन मागावे. पुष्कळ विभागांत मागितल्याशिवाय ते मिळत नाही!

परंतु येथे एक मेख आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांतील तक्त्यात सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवाराला अनुभवाच्या दर वर्षाला २, असे १०० पैकी जास्तीत जास्त १० गुण आहेत. त्याच नियमांत असेही म्हटले आहे की, पीएच.डी. मिळविण्यात गेलेला काळ अनुभव म्हणून धरला जाणार नाही. अध्यापनाच्या सेवेत राहून, कोणतीही रजा न घेता पीएच.डी. केली तरच तो काळ धरला जातो. म्हणजे अधिछात्रवृत्तीवर असताना घेतलेले तास कागदावर गुण देतीलच असे नाही. मग ते का घ्यावेत? कारण मुलाखतीत पाठ घेऊन दाखवा म्हटले तर ज्याने कधी वर्ग घेतलाच नाही त्याचा घसा कोरडा पडतो. ज्यांच्या घरात महाविद्यालयात शिकणारी ही पहिलीच पिढी, त्यांना तर हा सराव अन्यत्र मिळत नाही. दुसरे असे की, इंग्रजीत वाचलेला सिद्धांत खेड्यातून आलेल्या मुलांना मराठीत समजावताना आपल्याला तो खरोखर कळला आहे की नाही, ते पंधरा मिनिटांत उघडे पडते. प्रबंधाचे एखादे अडलेले प्रकरण अशा तासानंतर सुटलेले आम्ही पाहिले आहे.

तासिका तत्त्वावरील कामाविषयी मात्र सावध असावे. घरची गरज असते, म्हणून विद्यार्थी दोन-दोन महाविद्यालयांत तास घेतात, दिवस एस.टी.त आणि रात्र उत्तरपत्रिकांत जाते. पीएच.डी.ची कमाल मुदत सर्वसाधारणपणे ६ वर्षे आहे, आणि ती कोणासाठी थांबत नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट झाली आहे. तेव्हा त्या परीक्षेचा अभ्यास बाजूला सारून तास वाढविणे आमच्या मते घाट्याचे आहे. बार्टीची किंवा आयोगाची अधिछात्रवृत्ती घेत असाल तर दुसरीकडून मानधन स्वीकारण्यापूर्वी अटी वाचाव्यात व मार्गदर्शकांमार्फत लेखी परवानगी मागावी. तोंडी होकारावर विसंबू नये. नंतर रक्कम परत करण्याची पाळी येऊ शकते.

पहिला तास कोठे घ्यावा, असे विद्यार्थी विचारतात. मार्गदर्शकांच्या वर्गात एक घटक मागून घ्यावा आणि त्यांना मागच्या बाकावर बसून ऐकण्याची विनंती करावी. वस्तीतील अभ्यासिकेत बारावीच्या मुलांना शिकविले तरी सराव होतो, त्याला नियुक्तिपत्र लागत नाही.

महाविद्यालयात काम केले असेल तर सत्र संपताच प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर विषय, वर्ग, आठवड्याचे तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि प्राचार्यांची सही व शिक्का हवा. नियुक्तिपत्र व विद्यापीठाची मान्यता मिळाली असल्यास त्या पत्राची प्रतही जोडून ठेवावी. प्राचार्य बदलल्यावर चार वर्षांपूर्वीचे हजेरीपत्रक शोधून देण्यास कोणी बसलेले नसते.