आवृत्त्यांचा तंटा आणि लांबविलेली देखभाल

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आज कोणीही सारी इमारत स्वतः भाजलेल्या विटांनी बांधीत नाही. तारखांचा हिशेब, नोंदी राखणे, माहितीची देवघेव अशी असंख्य कामे इतरांनी लिहून ठेवलेल्या ‘लायब्रऱ्यां’कडून करून घेतली जातात. ही पद्धत शहाणपणाचीच आहे. परंतु तिच्या पोटी जन्मलेला आवृत्त्यांचा तंटा मिटविण्यात प्रोग्रामरांचे किती दिवस खर्ची पडतात, याची कल्पना व्यवस्थापकांनाही क्वचितच असते.

तंट्याचे स्वरूप साधे आहे. प्रकल्पात दोन लायब्रऱ्या घेतल्या; दोन्हींना तिसरी एक लागते; पण एकीला तिची पहिली आवृत्ती हवी, तर दुसरीला दुसरी. नोडच्या व्यवस्थेत या दोन्ही आवृत्त्या शेजारी नांदू शकतात. पायथनमध्ये एका प्रकल्पासाठी त्यांपैकी एकच बसविता येते. जावामध्ये तर पुष्कळदा बांधणी बिनतक्रार पार पडते आणि प्रत्यक्ष काम चालू असताना हवी ती आज्ञा सापडत नाही म्हणून सारे बंद पडते.

असे प्रसंग टळावेत म्हणून आवृत्तीला तीन अंक देण्याचा संकेत रूढ झाला. तिसरा अंक वाढला तर केवळ दोषदुरुस्ती, दुसरा वाढला तर जुन्याला धक्का न लावता घातलेली भर, आणि पहिला वाढला तर जुना व्यवहार मोडला, असे समजावयाचे. म्हणजे हे अंक लेखकाने वापरणाऱ्यांना दिलेला शब्दच होय. पण तो पाळला गेला की नाही, हे कोणतेही यंत्र पूर्णपणे तपासू शकत नाही.

म्हणून बहुतेक प्रकल्प ‘लॉक फाइल’चा आश्रय घेतात. कोणती आवृत्ती वापरली हे तीत नेमके नोंदलेले असते, आणि प्रत्येक यंत्रावर तीच मिळते. ही खबरदारी आवश्यकच आहे. घोटाळा होतो तो तिलाच औषध मानल्यामुळे. आवृत्त्या गोठविल्या की तंटा दिसेनासा होतो. तो मिटत मात्र नाही, आणि वर्षागणिक त्यावर व्याज चढत जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये हे व्याज अनेकांना एकरकमी भरावे लागले. जावामध्ये नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत अत्यंत घातक दोष उघडकीस आला. बाहेरून धाडलेला विशिष्ट मजकूर नोंदीत गेला, की परक्याला त्या यंत्रावर आपली आज्ञावली चालविता येत असे. त्याच महिन्यात २.१५ पासून २.१७.१ पर्यंत सुधारित आवृत्त्या निघाल्या. परंतु त्यांना जावाची आठवी आवृत्ती लागत होती. सहाव्या वा सातव्या आवृत्तीवर थांबलेल्यांसाठी वेगळ्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या. कित्येकांच्या यंत्रणेत तर ही लायब्ररी दुसऱ्याच कोणा लायब्ररीच्या मागून शिरली होती. ती कोठे आहे, हे शोधण्यापासूनच तयारी. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

दोष केवळ वापरणाऱ्यांचा असतो, असेही नाही. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने जुन्या आज्ञावल्यांशी जाणूनबुजून फारकत घेतली. लायब्रऱ्या नव्या आवृत्तीवर आल्या नाहीत म्हणून प्रकल्प अडले, आणि प्रकल्प जुन्यावरच राहिले म्हणून लायब्रऱ्यांना घाई नव्हती. २०१५ मध्ये थांबवावयाची पायथन २ ची देखभाल अखेर १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावी लागली. व्यवहार मोडणाऱ्याने पूल बांधून मोडला नाही, तर त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागते.

तात्पर्य, या तंट्यावर एका रात्रीत होणारा तोडगा नाही. प्रथम अवलंबनाचा सारा वृक्ष काढून कोणती लायब्ररी कोणामुळे आली, ते पाहावे. अनावश्यक फांद्या छाटाव्यात. मधली लायब्ररी मागे राहिली असेल, तर तिच्या लेखकांना दुरुस्ती करून पाठवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठराविक मुदतीने, चाचण्यांच्या आधारे, थोड्या थोड्या आवृत्त्या पुढे न्याव्यात. या कामातून ग्राहकाला दाखविण्याजोगे नवे काही निघत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याला जागा मिळत नाही. ती जागा देणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. प्रोग्रामरांच्या रात्रींवर तो भार टाकून ते पार पाडता येणार नाही.