पत्रा चढण्याआधी

कोकणात एप्रिल लागला की घराघरांवर माणसं चढलेली दिसतात. कौलं उतरतात, कुजलेल्या रिपा निघतात, पन्हळी साफ होतात. मृगाच्या आत घर झाकून झालं पाहिजे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते ठेकेदारालाही ठाऊक असतं, आणि नेमकी तिथेच घरमालकाची बाजू लंगडी पडते. पाऊस उंबऱ्यावर आलेला, मुंबईहून चाकरमानी चार दिवसांच्या रजेवर आलेला, घरात म्हातारी माणसं. अशा वेळी ‘आज अॅडव्हान्स दिलात तर जुन्या भावात पत्रा मिळेल’ या एका वाक्यावर पैसे हातातून सुटतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात गेली काही वर्षं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छपरांची कामं जवळून पाहतो आहे. प्रामाणिक मिस्त्री पाहिले तसे लबाडही पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. छपराच्या कामात जे महत्त्वाचं असतं ते सगळं शेवटी झाकलं जातं. पाइपाची जाडी, वेल्डिंग, वासा भिंतीला कसा जखडला आहे, हे पत्रा चढल्यावर कुणाला दिसत नाही. त्यामुळे तपासणी आणि पैसे, दोन्ही झाकण्याच्या आधीच्या टप्प्यांना बांधले पाहिजेत.

पहिली फसवणूक काम सुरू होण्याआधीच होते. कौलारू घर गळतंय म्हणून कुणाला बोलावलं, तर तो खालूनच वर पाहतो आणि सांगतो, ‘सगळ्याला वाळवी आहे, हे उतरवायलाच लागेल.’ आमच्या शेजारच्या काकूंना हेच सांगण्यात आलं होतं. त्यांनी गावातल्या जुन्या सुतारकाकांना बोलावलं. काका शिडी लावून वर गेले आणि हातोडीच्या दांड्याने एकेक वासा ठोकत गेले. चांगल्या लाकडाचा आवाज भरीव येतो, पोखरलेल्याचा बद्द. जिथे शंका आली तिथे त्यांनी पटाशीचं टोक दाबून पाहिलं. वासे मधे ठणठणीत होते. भिंतीवर टेकलेली काही टोकं तेवढी मऊ झाली होती, कारण तिथे वर्षानुवर्षं ओल झिरपत होती. ‘टोकं बदला, आढं शंभर वर्षं हलणार नाही,’ काका म्हणाले. ती टोकं आणि थोड्या रिपा बदलून, फुटकी कौलं काढून ते छप्पर पुन्हा उभं राहिलं.

गळतीचंही तसंच. घरात पाणी टपकतं ती जागा आणि छपरातली फट एकाखाली एक क्वचितच असतात. पाणी वाशाच्या कडेने घरंगळत येतं आणि भलतीकडेच टपकतं. भर दुपारी माळ्यावर जाऊन अंधारात उभं राहिलं की सरकलेल्या कौलांमधून उजेडाचे कवडसे दिसतात. तेवढ्यावर भागलं नाही तर पाइपाने पाणी मारून पाहावं, आधी वळचणीकडे आणि मग हळूहळू आढ्याकडे. ज्या पट्ट्यात पाणी मारल्यावर आत थेंब येतो, दोष त्याच पट्ट्यात असतो. हे काम करून न दाखवता जो थेट नव्या छपराचा भाव सांगतो, त्याला तिथेच थांबवावं.

छप्पर उतरवायचंच ठरलं तर पुढचा प्रश्न जुन्या मालाचा. ‘कचरा आम्हीच उचलून नेतो, त्याचे पैसे घेत नाही,’ असं ठेकेदार उदारपणे सांगतो. त्या कचऱ्यात जुने सागवानी वासे असतात, तुळया असतात, शाबूत मंगलोरी कौलं असतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. जुन्या भाजणीच्या चांगल्या कौलांना आणि मुरलेल्या सागाला आज रिसॉर्टवाले आणि फर्निचरवाले चांगले पैसे मोजतात. म्हणून उतरलेला माल अंगणात मोजून लावून घ्यावा आणि तो कुणाचा, हे आधी लिहून ठेवावं. ठेकेदाराला द्यायचा असेल तर त्याची किंमत मजुरीतून वळती करावी.

आता माप. कौलं जाऊन पाइपांवर रंगीत पत्रा आला की भाव चौरस फुटावर ठरतो, आणि माप कुणी घेतलं यावर बिल ठरतं. छपराचं माप म्हणजे प्रत्येक पाखाची लांबी गुणिले आढ्यापासून वळचणीपर्यंतची तिरकी उंची. समजा एक पाख ३६ फूट लांब आणि १५ फूट उताराचं आहे. दोन्ही पाखं मिळून १,०८० चौरस फूट झाली. पण पत्रे एकमेकांवर चढतात. तो चढाव धरून पत्र्याचं पूर्ण माप बिलात लावलं तर आकडा सहज दहा टक्के फुगतो. चौरस फुटाला १५० रुपये दर धरला तर १६ हजारांचा फरक. म्हणून दर ‘झाकलेल्या’ मापाचा की ‘आणलेल्या’ पत्र्याचा, हे कोटेशनमध्ये स्पष्ट हवं. टेप दोघांनी मिळून धरावी आणि आकडे तिथेच कागदावर लिहून सह्या कराव्यात. पाखाच्या उताराएवढा सलग पत्रा कारखान्यातून कापून मिळतो. तो मागवला की मधला जोड टळतो आणि गळतीची एक जागा कमी होते.

सगळ्यात मोठी लबाडी जाडीत होते. ०.५० मिलिमीटरचा पत्रा ठरतो आणि ०.३५ चा चढतो. रंग तोच, चकाकी तीच, खालून पाहणाऱ्याला काही कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरने मला यावरची साधी परीक्षा करून दाखवली. पत्र्याच्या कापलेल्या तुकड्यातून, नागमोडी सोडून सपाट भागातून, १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन त्याने कात्रीने काढला आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. रंगासह ०.५० चा पत्रा असेल तर तो साधारण ३५ ग्रॅम भरतो आणि ०.३५ चा असेल तर २५ च्या आसपास. पोलादाचं वजन ठरलेलं आहे. एक चौरस मीटर आकाराचा, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ७.८५ किलो भरतो. या हिशेबाला कुणी फसवू शकत नाही. फक्त जाडी रंग आणि लेप धरून सांगितली आहे की नुसत्या पोलादाची, हे विचारून घ्यावं, कारण दोन्हींत फरक पडतो. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला नाव आणि जाडी छापलेली असते. ती वाचावी आणि काट्यावर पडताळावी.

पाइपांचंही तेच. बाहेरून दोन इंच दिसणारा पाइप आतून किती जाड आहे हे फक्त कापलेल्या टोकाला कळतं. पाइप उतरवताना काट्याची पावती मागावी आणि किलोवर हिशेब करावा. लोखंडाचे पैसे ठेकेदाराच्या हातात न देता घरमालकाने थेट दुकानदाराला द्यावेत आणि बिल स्वतःच्या नावावर घ्यावं, हा त्यातला सगळ्यात सोपा बंदोबस्त आहे. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ या आमिषाला बळी पडू नये. बिल नसलं तर उद्या तक्रार करायला हातात काहीच उरत नाही.

पत्रा चढण्याच्या आदल्या दिवशी एक तास काढून सांगाड्याखाली उभं राहावं. प्रत्येक जोडाला वेल्डिंग पूर्ण फिरलेलं आहे की नुसते टाके मारलेत, ते पाहावं. वेल्डिंगवरची खपली हातोडीने झाडून रेड ऑक्साइड लावला आहे का, तेही पाहावं. खपली तशीच ठेवून वर रंग मारला तर खारट हवेत दोन पावसाळ्यांत तिथे गंज फुटतो. आणि सांगाडा भिंतीला कसा धरला आहे, हे नक्की तपासावं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कितीतरी छपरं पाइपांसकट उचलली गेली. वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, ते वर ओढतो, आणि ओढ सगळ्यात जास्त वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याला बसते. सांगाडा भिंतीत किंवा खांबात बोल्टने जखडलेला नसेल तर जाड पत्र्याचाही उपयोग नाही. वादळानंतर पत्र्यांचा तुटवडा पडला, भाव चढले आणि गावोगाव अनोळखी टोळ्या फिरू लागल्या. ज्यांनी घाईत पैसे दिले त्यांच्यातल्या काहींना तो माणूस पुन्हा भेटलाच नाही. ज्याचं दुकान, पत्ता आणि आधीची कामं पाहता येत नाहीत, त्याला संकटातही अॅडव्हान्स देऊ नये. चार-सहा दिवस ताडपत्री टाकून काढता येतात.

पत्रा चढत असताना दोन-तीन गोष्टींवर डोळा ठेवावा. पत्रा ग्राइंडरने कापला की ठिणग्या रंगावर आणि जस्ताच्या लेपावर पडून तो जाळतात, आणि पुढे तिथूनच गंज सुरू होतो. पत्रा कात्रीने कापायला सांगावं. स्क्रूखाली रबरी वायसर हवाच. तो जेमतेम दाबला गेला पाहिजे. चिरडून बाहेर आला तर दोन वर्षांत फाटतो, आणि सैल राहिला तर पाणी आत घेतो. संध्याकाळी काम थांबताना पत्र्यावरचा लोखंडी किस झाडून काढला जातो का, हे बघावं, कारण तो किस रात्रीच्या दवात गंजतो आणि पत्र्यावर तांबूस डाग सोडतो. चांगला कारागीर न सांगता झाडू मारतो. आमच्याकडच्या त्या फॅब्रिकेटरच्या पोरांच्या कमरेला पट्टे असतात आणि दोर आढ्याला बांधलेला असतो. त्याचा दर थोडा जास्त आहे, आणि तो देणं मला रास्त वाटतं. मजुराचा जीव धोक्यात घालून स्वस्त झालेलं छप्पर घरावर घेऊ नये.

पैशांचा क्रम लिहून ठेवावा. सुरुवातीला मजुरीतली थोडी रक्कम, सांगाडा तपासल्यावर पुढची, पत्रा चढल्यावर त्यापुढची. शेवटचे दहा टक्के पहिल्या दोन जोरदार सरी पडून गेल्यावर. याच्या जोडीला पत्र्याची जाडी आणि लेप, पाइपाचं वजन, दर, माप, जुना माल, गळती झाल्यास किती दिवसांत आणि किती वर्षं मोफत दुरुस्ती, हे सगळं एका पानात मावतं. साध्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या तरी तो पुरावा असतो. या कागदाला प्रामाणिक ठेकेदार कधी नकार देत नाही, कारण तो त्यालाही वाचवतो. काम संपल्यावर ‘अजून हेही करून द्या’ म्हणणारे घरमालक कमी नाहीत.

एवढं करूनही फसगत झालीच तर गप्प बसू नये. पैसे घेऊन केलेलं बांधकाम आणि दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथे बिल, कागद, काट्याची पावती आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो लागतात. हे सगळं पाऊस येण्याआधीच गोळा झालेलं असावं. म्हणून पुढच्या मार्चमध्येच टेप आणि वही घ्या, दोन-तीन ठेकेदारांचे भाव लेखी मागवा, त्यांनी पाच वर्षांपूर्वी केलेली छपरं स्वतः जाऊन पाहा. आणि गावी घरात एकटे राहणारे आईवडील असतील तर हा कागद त्यांच्यावर न सोडता तुम्ही स्वतः तयार करा.