पाव इंचात एक फूट

‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे आराखडे १८१२ साली ‘जावा’ जहाजावरून मुंबईला निघाले. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि आराखडेही गेले. इंग्लंडहून पुन्हा प्रती आल्या. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाचं हे जहाज उभं राहिलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळतं.

या जहाजाची प्रतिकृती करायची तर ब्रिटिश नौदलाचं जुनं प्रमाण १:४८ सोयीचं, म्हणजे पाव इंचात एक फूट. दीडशे फुटांचं डेक साडेसदतीस इंचांत मावतं. पण कारागिराचा खरा कस लागतो तो डेकवरच्या बारीकसारीक सामानात.

खाली उतरायच्या तोंडांवर लाकडी जाळ्या असत. उजेड-वारा आत जावा, पण पाय अडकू नये, म्हणून त्यांची भोकं अडीच-तीन इंचांचीच. १:४८मध्ये ती जेमतेम दीड मिलिमीटर होतात. प्रतिकृतीत तीन मिलिमीटरचं भोक ठेवलं, तर मूळ जहाजावर ते साडेपाच इंचांहून मोठं ठरेल आणि खलाशाची टाच थेट आत जाईल. पट्ट्यांना करवतीने सारख्या खाचा पाडून त्या एकमेकींत बसवल्या की जाळी नेमकी येते.

मूळ जहाज सागवानी, तरी प्रतिकृतीला सागवान चालत नाही. त्याच्या रेषा आणि छिद्रं मूळ मापातच राहतात, त्यामुळे लहानशी फळी ओबडधोबड दिसते. त्यापेक्षा आपल्याकडचं हेदूचं एकसारख्या, बारीक पोताचं लाकूड बरं.

दोर बांधायचे खुंटे साधारण सोळा इंचांचे. इथे ते साडेआठ मिलिमीटरचे. ड्रिलमध्ये पितळी तार फिरवत कानशीने त्यांना आकार देता येतो. दोर खुंट्याला आठच्या आकड्यासारखा गुंडाळत. खुंटा उपसला की क्षणात मोकळा. उरलेल्या दोराचं वेटोळं खुंट्यावर लोंबायचं. प्रतिकृतीतला दोरा मात्र ताठ उभा राहतो. त्याला पाणी घातलेलं फेविकॉल लावून, सुईने खाली ओढून वाळू द्यावं, तेव्हा त्यात वजन दिसतं.

लोखंडी कड्यांसाठी तांब्याची तार घ्यावी आणि रंग टाळावा. रंगाचा एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे मूळ मापात जवळपास पाच मिलिमीटर. लिव्हर ऑफ सल्फरच्या पातळ द्रावणात तांबं काळं पडतं आणि जाडी वाढत नाही.

म्हणून पट्टी कापण्याआधी त्या वस्तूचं काम समजून घ्यावं: तिथे कुणाचा हात पडायचा, कुणाचं पाऊल, कोणता दोर. मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या या सामानाची मापं माणसाच्या अंगाला धरून होती. दीड मिलिमीटरच्या भोकातही तो हिशेब पाळणं, हाच त्यांच्या कसबाचा मान.