केळवे-माहीमचं कालवण: वाटीत काय पाहावं?
पालघरच्या केळवे-माहीम किनाऱ्यावर कालवणाला दाटपणा येतो तो वाटणातून. कोळी घरांत तर पुष्कळदा खोबऱ्याविनाच, लसूण, चिंच आणि घरच्या मसाल्यावर ते उभं राहतं. पापलेट मागवायचा मोह सगळ्यांनाच होतो. जवळचं सातपाटी बंदर त्यासाठीच नावाजलेलं, आणि २०२३मध्ये रुपेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. पण रश्शाची खरी पारख ओल्या बोंबलावर करावी: तो अगदी शेवटी सोडतात, मग डाव फिरवत नाहीत, भांडंच हलवतात. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते. तेव्हा सुक्या बोंबलाचं कालवण मागा, सोबत तांदळाची भाकरी.