दोन प्रती, खरी कोणती?

एकाच फाइलच्या दोन प्रती दोन संगणकांवर असल्या की त्या फार दिवस सारख्या राहत नाहीत. एकीत कोणी दुरुस्ती करतो, दुसरी तशीच पडून राहते. मग दोन कामे उरतात, फरक शोधणे आणि प्रती पुन्हा जुळवणे. पहिले संगणक बिनचूक करतो. दुसऱ्यात माणसाला लक्ष घालावेच लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांनी, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, हा अनुभव सातबाऱ्याच्या निमित्ताने घेतला. तलाठ्याच्या दप्तरातली हस्तलिखित नोंद आणि संगणकातली नोंद यांत तफावत होती. कुठे क्षेत्राचा आकडा चुकलेला, कुठे खातेदाराचे नाव, कुठे फेरफारच राहून गेलेला. २०१७ साली चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकीकृत सातबारा गावात वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा आणि खातेदारांनी चुका दाखवायच्या. चूक सापडली तरी आकडा परस्पर बदलता येत नसे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ नुसार तहसीलदारांचा आदेश लागे. हे योग्यच होते, कारण दोन प्रती समोरासमोर ठेवल्या तरी त्यांतली खरी कोणती हे त्या सांगत नाहीत.

संगणकावर मजकुराची तुलना करणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तयार झाला. दोन फाइलींतल्या नेमक्या कोणत्या ओळी वेगळ्या, ते तो दाखवतो. विंडोजवर ‘विनमर्ज’ हेच काम शेजारी शेजारी दोन खिडक्यांत रंग देऊन करतो. मात्र यासाठी दोन्ही फाइली एकाच ठिकाणी लागतात. एक खामगावात आणि दुसरी मुंबईच्या सर्व्हरवर असेल, तर तुलनेसाठी आख्खी फाइल मागवण्यात अर्थ नाही.

ही अडचण अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ आणून सोडवली. ज्या संगणकावर जुनी प्रत आहे, तो तिचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची बेरजेसारखी छोटी खूण पलीकडे पाठवतो. पलीकडचा संगणक नव्या प्रतीवरून एकेक बाइट सरकत त्या खुणा शोधतो. सापडलेल्या तुकड्याचा फक्त क्रमांक कळवला जातो. न सापडलेला मजकूर तेवढा प्रत्यक्ष जातो. सरकत शोधण्यातच सगळी करामत आहे. फाइलच्या सुरुवातीला एक ओळ वाढली की पुढचे सगळे जागचे हलते, तरीही जुने तुकडे ओळखू येतात. झिप फाइलीला याचा फारसा लाभ नाही, कारण आत थोडा बदल झाला तरी पुढचा बराच भाग बदलतो. एक्सेलची आजची फाइलही आतून झिपच असते.

एवढा खटाटोप प्रत्येक फाइलसाठी होत नाही. आधी आकार आणि बदलाची वेळ पाहिली जाते. दोन्ही जुळले तर फाइल सोडून दिली जाते. इथेच पेनड्राइव्ह फसवतो. त्याची जुनी फॅट पद्धत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिते. एखाद्या संगणकाचा टाइम झोन चुकला असेल, तर काही तासांच्या फरकाने सगळ्याच फाइली बदललेल्या दिसतात.

दोन्हीकडे बदल होत असतील तर गुंता वाढतो. एका बाजूला नसलेली फाइल तिथे पुसली गेली की दुसरीकडे नव्याने तयार झाली? हे सांगण्यासाठी मागच्या जुळवणीची नोंद लागते. ‘युनिसन’ हा प्रोग्राम ती ठेवतो, आणि एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर निर्णय वापरणाऱ्यावर सोडतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून नोंद करण्यात, त्या मानाने सोपे आहे. रेंज नसलेल्या शिवारात भरलेली माहिती मोबाइलमध्ये राहते आणि नंतर अपलोड होते. प्रवाह एकाच दिशेचा.

आरसिंकमध्ये ‘डिलीट’ हा पर्याय दिला की मूळ जागी नसलेली फाइल दुसरीकडूनही पुसली जाते. म्हणून आधी ‘ड्राय रन’ करावे. त्यात काहीही न बदलता, काय काय बदलणार त्याची यादी मिळते. ती वाचून मगच खरा आदेश द्यावा, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत या जुळवणीच्या बाहेर ठेवावी.